घरी बांधलेल्या विमानाचा स्टॉल : पंख सुधारायचा की पायलट?

वाळूजचा_फिटर (धागाकर्ता)
आमच्या शेडमध्ये दोन आसनी विमानाचे पंख आकाराला येताहेत. रिब्ज (पंखाच्या आतल्या फासळ्या) बसल्या, पत्रा अजून चढायचाय, म्हणजे बदल करायचा तर आत्ताच. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो : इंजिन मोठं घाला, मग स्टॉलची भीती नाही. मला हे अजिबात पटत नाही. उरलेला पैसा आणि वेळ पंखावर घालावा. स्टॉल होताना विमानाने आधी थरथरून सांगावं, मग सरळ नाक खाली करावं, एका अंगावर कोसळू नये.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी कोन साधारण १५-१६ अंशांच्या वर गेला की वरच्या बाजूची हवा पंख सोडते आणि उचल कोसळते. हाच स्टॉल. इंजिन पूर्ण जोरात असलं तरी हे होतं, आणि कुठल्याही वेगाला होतं. उंची राखून ६० अंश कलून वळलात तर पंखावर भार दुप्पट होतो. सरळ उडताना ५० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होणारा स्टॉल मग ७० नॉटलाच गाठतो.

घरगुती बांधणीची खरी अडचण म्हणजे डावा-उजवा पंख तंतोतंत सारखा निघत नाही. एकाला पीळ अर्धा अंश कमी बसला की तो आधी खचतो आणि विमान त्या बाजूला पडतं. म्हणून माझा बेत असा : टोकाकडे दोन-तीन अंश वॉशआउट, म्हणजे टोक बुडाच्या (पंख धडाला जोडतो तिथल्या) मानाने खाली पिळलेलं, आणि बुडाजवळ पुढच्या कडेवर छोट्या तिकोनी स्टॉल स्ट्रिप. बूड आधी स्टॉल होईल, तिथली विस्कटलेली हवा शेपटीवर आदळून स्टिक (हातातला दांडा) हलेल, आणि टोकाकडचे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी मागच्या कडेची झडपं, तोवर कामात राहतील.

निवृत्त_प्रशिक्षक
फिटरसाहेब, बेत चांगला आहे, पण मारणारा स्टॉल तुमच्या शेडमध्ये तयार होत नाही. तो फायनलच्या, म्हणजे उतरताना धावपट्टीकडे तोंड करायच्या शेवटच्या, वळणावर होतो. धावपट्टी चुकतेय असं वाटलं की पोरगं पायाने रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) जास्त दाबून नाक ओढतं, कल वाढू नये म्हणून एलेरॉन उलटा धरतं, आणि वर स्टिकही मागे घेतं. आतला पंख सुटतो आणि विमान गिरकीत, म्हणजे गोल फिरत खाली, जातं. गिरकीतून निघायला दर फेऱ्याला काही शे फूट लागतात, आणि फायनलच्या वळणावर उंचीच पाचशेच्या आसपास असते. तिथे तुमची स्ट्रिप काय वाचवणार? तेच पैसे चांगल्या शिक्षकासोबत स्पिन (हीच गिरकी) शिकायला घाला.

वाळूजचा_फिटर
सर, शिकणं टाळा असं मी म्हणतच नाही. पण नासाने लँग्ली केंद्रात १९७०-८०च्या दशकांत नेमका हाच प्रश्न घेतला होता. ग्रमन अमेरिकन यँकी या छोट्या विमानाच्या पंखाची फक्त बाहेरच्या भागातली पुढची कड थोडी पुढे आणून खाली वाकवली, आणि ती जिथे सुरू होते तिथे मुद्दाम धारदार पायरी ठेवली. त्या पायरीवर भोवरा तयार होतो आणि बाहेरचा पंख उशिरापर्यंत उडत राहतो. विमान गिरकीत जायलाच कुरकुर करू लागलं. पुढे सिरससारख्या विमानांनी हीच युक्ती उचलली.

निवृत्त_प्रशिक्षक
त्याच प्रयोगांचा दुसरा अर्धा भागही सांगा. तीच कड पंखाच्या पूर्ण लांबीला वाकवली तेव्हा स्टॉल सौम्य झाला, पण गिरकी चपटी झाली आणि सुटेना. म्हणजे वाळूजच्या शेडमध्ये फायबर थापून नजरेने कड वाकवायची हे काम नव्हे. नासाकडे वाऱ्याचा बोगदा होता आणि शेपटीला गिरकी तोडायचं पॅराशूट होतं.

लातूरचा_इंजिनिअर
काका, तुमचं दोघांचं भांडण चालू द्या, पण व्हीजी (व्हॉर्टेक्स जनरेटर) कुणीच का काढंनात? वरच्या बाजूला पुढच्या कडेपासून थोडं मागं बारीक पाती चिकटवायची, वेगवान हवा खाली खेचून आणतात, पंख जास्त कोनापर्यंत टिकतो. आमच्या कॉलेजच्या मॉडेलवर लावलाव, लई फरक पडला.

वाळूजचा_फिटर
मॉडेलवरचा फरक मोठ्या पंखाला जसाच्या तसा लागू होत नाही, लहान पंखावरची हवाच वेगळी वागते. व्हीजीने स्टॉलचा वेग खाली येतो हे खरं, पण स्टॉल उशिरा येतो तेव्हा अचानक तुटण्याचीही शक्यता असते. मला कमी वेग नकोच आहे, मला आधी इशारा हवाय. स्टॉल स्ट्रिपने वेग उलट थोडा वाढतो. ती किंमत मी हसत मोजेन. व्हीजी लावलेच तर एलेरॉनच्या पुढे, बुडाला नाही.

चिकलठाण्याजवळून
एक गोष्ट सगळेच विसरताय, आपलं ऊन. चिकलठाण्याची, म्हणजे छत्रपती संभाजीनगर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात ४२ अंश तापमानात तिथली हवा जवळपास ५,६०० फुटांवरच्या हवेइतकी पातळ होते. मीटरवर स्टॉलचा आकडा तोच दिसतो, पण हवेतून जाण्याचा खरा वेग आठ-नऊ टक्क्यांनी जास्त असतो. खालची जमीन, काळी रानं, बांध झपझप मागे जाताना दिसतात, वाटतं की आपण फार वेगात आहोत, आणि हात आपोआप वेग कमी करतो. वर इंजिनही दमलेलं. त्यामुळे फिटरसाहेब, इंजिनाला इतकंही हिणवू नका.

बीडचा_वाचक
मला तर ही सगळी चर्चाच घाईची वाटते. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ला मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं, तरी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी २०१७ला मिळाली. आधी कागद, मग पंख.

वाळूजचा_फिटर
कागद येईपर्यंत पंख सरळ झालेला बरा. उद्या तपासायला येणाराही हेच विचारणार, की डावा-उजवा पीळ मोजला का?

निवृत्त_प्रशिक्षक
हे मान्य. पण तुमच्या यादीत वजनाचा तोल अजून दिसला नाही, आणि मी असतो तर तो सगळ्यात वर लिहिला असता. घरगुती विमानात हळूहळू सामान मागे सरकतं : बॅटरी मागे, रेडिओ मागे, एखादी जादा टाकी मागे. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला की स्टिक लोण्यासारखी हलकी होते, स्टॉल सहज लागतो, आणि गिरकी लागली तर रडर पूर्ण उलटा मारून, स्टिक पुढे ढकलूनही विमान ऐकत नाही. तिथे वॉशआउट, स्ट्रिप, व्हीजी सगळं व्यर्थ.

वाळूजचा_फिटर
घेतलं यादीत, आणि वरच घेतलं. बॅटरी फायरवॉलवर (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर) जाईल, वायर लांब पडली तरी चालेल. पत्रा चढायच्या आधी प्रत्येक रिबवर डिजिटल लेव्हल ठेवून दोन्ही बाजूंचे आकडे इथे टाकतो. स्ट्रिप पहिल्यांदा फक्त टेपने चिकटवू. पंखावर लोकरीचे दोरे आणि शेपटीवर कॅमेरा, म्हणजे हवा आधी कुठे सुटते ते दोरे उलटे फडफडले की दिसेल. चाचणी वैमानिक स्टॉलची चाचणी ५,००० फूट जमिनीपासून वर गेल्यावरच घेईल, आणि पुढच्या सीजीपासून (गुरुत्वमध्य पुढे ठेवून) सुरुवात करेल.

निवृत्त_प्रशिक्षक
वळणातला स्टॉलही घ्या, दोन्ही बाजूंचा. सरळ स्टॉलमध्ये गरीब गायीसारखं वागणारं विमान डाव्या वळणात लाथ मारतं, हे मी पाहिलंय. आणि आकडे टाकाल तेव्हा चांगलेच टाकू नका, वाईटही टाका.

लातूरचा_इंजिनिअर
काका, दोऱ्यांचा व्हिडिओ पण टाका. व्हीजीचं माझं मत अजून तेच आहे, पण दोरे बघून परत भांडू.