‘पॉप्युलिस्ट’, ‘तिसरा पक्ष’ आणि ‘मतं खाणं’: मराठीत काय लिहावं?

लातूर : स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी ब्रिटनच्या २०२४ च्या निवडणुकीवर लिहितेय. ‘रिफॉर्म यूके’ या पक्षाला इंग्रजी वर्तमानपत्रं पॉप्युलिस्ट, कॉन्झर्व्हेटिव्ह, थर्ड पार्टी असं काय काय म्हणतात. मी त्याचं ‘लोकानुनयी पुराणमतवादी तृतीय पक्ष’ असं केलं, पण वाचून मलाच पटत नाही. पक्षाला १४.३ टक्के मतं मिळाली आणि जागा फक्त ५, म्हणून पुढे ‘त्याने हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची मतं खाल्ली’ असं वाक्य टाकलंय. परीक्षेत चालेल का?

जालना : ताई, ‘तृतीय पक्ष’ तेवढं काढा. तो विम्यातला शब्द आहे, गाडीच्या पॉलिसीवर असतो तो. राजकारणात ‘तिसरा पक्ष’ किंवा ‘तिसरा पर्याय’. ‘तिसरी आघाडी’पण नको, आघाडी म्हटलं की चार पक्ष एकत्र आलेले असतात.

नांदेड : ‘मतं खाल्ली’त चूक काय हाय? आमच्याकडं समद्यांना कळतंय. २०१९ ला लोकसभेला अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले अन् वंचितच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं पडली. तवापासून कुणी छोट्या पक्षाकडून उभा राहायलाय म्हणलं की लोकांचा पहिला प्रश्न, कुणाची मतं खायला?

परभणी : ताई, आधी ‘लोकानुनय’ पाहू, कारण खरा घोटाळा तिथंच होतो. लोकानुनय म्हणजे लोकांना आवडेल ते देऊन, बोलून त्यांना खूष ठेवणं. निवडणुकीच्या तोंडावर वीजबिल माफ करणारं कुठलंही सरकार लोकानुनय करतं. पॉप्युलिझमला वाटपाची गरजच नसते. त्याची मांडणी अशी की देशात एकीकडे साधी, कष्टाची जनता आहे, दुसरीकडे तिला गृहीत धरणारे वरचे लोक आहेत, आणि जनतेच्या वतीनं बोलतो ते फक्त आम्ही. या वरच्या लोकांसाठी मराठवाड्यात शब्द तयार आहे : प्रस्थापित. साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि शिक्षण संस्था एकाच घरात, म्हणजे प्रस्थापित. हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रिफॉर्म यूकेचे नेते नायजेल फराज हुजूर आणि मजूर (लेबर) या दोन्ही मोठ्या पक्षांना एकाच माळेचे मणी ठरवतात, तेव्हा ते हेच बोलत असतात. म्हणून ‘लोकवादी’ लिहा, आणि पहिल्यांदा वापराल तिथं ‘प्रस्थापितांविरुद्ध जनतेच्या नावानं उभा राहिलेला’ एवढा खुलासा जोडा.

या शब्दाचा जन्म आपल्याकडच्या वाचकाला माहीत असायला हवा, असं मला फार वाटतं. अमेरिकेत १८९२ मध्ये ‘पीपल्स पार्टी’ नावाचा पक्ष अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरला. त्याच्या लोकांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हणू लागले. कोण होते हे लोक? दक्षिणेतले कापूस पिकवणारे आणि कॅन्सस, नेब्रास्काकडचे गव्हाचे शेतकरी. पिकाचे भाव पडलेले, डोक्यावर कर्ज, आणि रेल्वे कंपन्या मागतील ते भाडं द्यायचं. सरकारी गोदामात पीक ठेवून त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळावं, ही त्यांच्या चळवळीची मागणी होती. आपल्या बाजार समितीतली शेतमाल तारण योजना आठवा, कल्पना तीच. जास्त कमावणाऱ्यावर जास्त आयकर लावा, सिनेटर थेट लोकांनी निवडू द्या, रेल्वे सरकारच्या ताब्यात घ्या, हेही ते मागत होते. त्यांचा उमेदवार जेम्स वीव्हर याला ८.५ टक्के मतं पडली. १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षानं चांदीच्या चलनाची त्यांची मागणी उचलली, त्यांनी त्याच पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याला पाठिंबा दिला आणि हळूहळू ते संपले. पण १९१३ साली आयकर आणि सिनेटरांची थेट निवड, दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या घटनेत आल्या.

हिंगोली : सर, मग शेतकऱ्यांचा पक्ष पॉप्युलिस्ट आणि रिफॉर्म यूकेही पॉप्युलिस्ट, हे कसं?

परभणी : लोकवादाला स्वतःची बाजू नसते, म्हणूनच विशेषण लावावं लागतं. आता तुमचा दुसरा शब्द. ‘पुराणमतवादी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोवळं-ओवळं येतं. रिफॉर्म यूकेचे मुद्दे स्थलांतर कमी करा, कर कमी करा, देशाची सीमा आणि ओळख जपा, असे आहेत. त्यासाठी ‘उजवा’ हा रुळलेला शब्द पुरे. ‘उजवा लोकवादी पक्ष’ लिहा. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला तुम्ही ‘हुजूर पक्ष’ लिहिलंत ते ठेवा, जुन्या मराठी वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव आहे.

आणि नांदेडच्या भाऊंना उत्तर. शब्द सगळ्यांना कळतो, खरं आहे. पण ‘मतं खाल्ली’ म्हणताना आपण धरून चालतो की ती मतं मुळात मोठ्या पक्षाच्या मालकीची होती. २०१९ मध्येच औरंगाबादला इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी आले, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांना २ लाख ८३ हजारांहून जास्त मतं होती. एवढी माणसं उन्हात रांगेत उभी राहून एका माणसाला मत देतात आणि आपण त्यांच्याबद्दल लिहितो की ते मत कुणीतरी खाल्लं. त्या मतदारानं काय ठरवलं होतं, हे विचारायचंच राहून जातं. ‘उपद्रवमूल्य’ आणि ‘बी टीम’ हे शब्दही तसेच, मोठ्या पक्षाच्या कचेरीत बसून केलेले. बोलताना वापरा, मीही वापरतो. अभ्यासाच्या लेखनात मात्र ‘मतविभागणी’ लिहावं, आणि कोणत्या मतदारांनी, कशासाठी पक्ष बदलला हे सांगावं.

लातूर : पण सर, ५ जागांच्या पक्षाचा प्रभाव मग कोणत्या शब्दात मांडू? ‘उपद्रवमूल्य’ काढलं तर हाती काहीच उरत नाही.

परभणी : ‘मुद्दा पळवणं’ हा आपल्याकडचा चांगला वाक्प्रयोग आहे, म्हणजे छोट्या पक्षाचा मुद्दा मोठ्या पक्षानं उचलणं, तो वापरा. फराज यांचा आधीचा पक्ष यूकिप, ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणणारा. २०१० च्या निवडणुकीत त्याला ३.१ टक्के मतं, जागा एकही नाही. तरी जानेवारी २०१३ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घ्यायचं वचन दिलं. त्यांच्या पक्षातही बंडखोर होते, पण यूकिपकडे मतदार सरकतोय ही धास्ती मोठी होती. २०१५ ला यूकिपला १२.६ टक्के मतं मिळाली आणि जागा फक्त १. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं आणि ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं. जागा मोजून हा प्रभाव दिसत नाही, आणि ज्या मतदारसंघात सर्वाधिक मतं त्यालाच जागा ही पद्धत असेल तिथं तर अजिबातच नाही. आपलीही पद्धत तीच आहे.

धाराशिव : मुद्दा पळवला तर छोटा पक्ष संपतो, बरोबर? यूकिप संपला, ते अमेरिकेतले शेतकरीही संपले.

परभणी : दरवेळी नाही. कॅनडात उलटं झालं. प्रेस्टन मॅनिंग यांनी १९८७ मध्ये तिथं रिफॉर्म पार्टी काढली. पश्चिमेकडच्या प्रांतांची तक्रार होती की पैसा आमचा आणि निर्णय राजधानी ओटावाचे. आपण अनुशेषाबद्दल मुंबईकडे बोट दाखवून जसं बोलतो, त्याच सुराची. १९९३ मध्ये त्यांना ५२ जागा मिळाल्या आणि सत्तेत असलेला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष थेट २ जागांवर आला.

धाराशिव : अन् पुढं? कुणी कुणाला गिळलं म्हणायचं?

परभणी : कागदावर २००३ चं दोन्ही पक्षांचं ‘विलीनीकरण’. रिफॉर्म पार्टीनं तोवर नाव बदलून ‘कॅनेडियन अलायन्स’ केलं होतं. नव्या पक्षाचे नेते स्टीफन हार्पर हे १९९३ ला रिफॉर्मकडूनच खासदार झालेले, आणि २००६ मध्ये तेच पंतप्रधान झाले. जुन्या पक्षाच्या नावातलं ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ ठेवलं, ‘प्रोग्रेसिव्ह’ गाळलं. ‘गिळलं’ म्हणायचं असेल तर इथं कर्ता छोटा पक्ष आहे.