लेकीचं कॉलेज: दोन एड लेटर्स (आर्थिक मदतीची पत्रं) आलीत, तुलना कशी करायची?

एडिसनकर: आम्ही न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर. लेक फॉल 2026 ला कॉलेजात जाईल. खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च 88,000 डॉलर, अवॉर्ड (देऊ केलेली मदत) 66,500. राज्याच्या विद्यापीठाचा खर्च 38,000, अवॉर्ड 11,500. म्हणजे खासगी 21,500 ला पडतंय आणि सरकारी 26,500 ला! लेकीचं मनही खासगीवरच आहे. पण ह्यांना काहीतरी खटकतंय. 1 मेपर्यंत कळवायचंय, जाणकारांनी सांगा प्लीज.

शिदोरी: ताई, त्या 66,500 मध्ये काय काय धरलंय?

एडिसनकर: मेरिट स्कॉलरशिप 30,000, कॉलेजची ग्रँट 8,000, फेडरल लोन 5,500, वर्क-स्टडी (शिकताना करायचं काम) 3,000, पॅरेंट प्लस (पालकांसाठीचं फेडरल लोन) 20,000. सरकारीत ग्रँट 6,000 आणि तेच 5,500 चं लोन.

शिदोरी: खटकतंय ते बरोबरच आहे. फेडायची नाही ती मदत फक्त मेरिट आणि ग्रँट. खासगीचे 88,000 वजा 38,000, म्हणजे 50,000. सरकारीचे 38,000 वजा 6,000, म्हणजे 32,000. खासगी वर्षाला 18,000 नी महाग! कर्जाला अवॉर्ड म्हणतात याचा मला खरंच राग येतो, कितीतरी घरं यात फसतात. वर्क-स्टडीही बिलातून वजा होत नाही. मुलीने तास भरले की पगार म्हणून तिच्या हातात येतो, तोही काम मिळालं तर.

आणि पॅरेंट प्लस नीट बघा. हे कर्ज तुमच्या नावावर असतं, चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. जुलै 2026 पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 एवढीच मर्यादा आहे. तीन वर्षांत 60,000 उचलले की चौथ्या वर्षाला उरतात 5,000. तेव्हा कुठून आणणार?

ओहायोची_मावशी: मेरिट चारही वर्षं मिळणार का आणि त्याला जीपीए (सरासरी ग्रेड) किती लागतो, हे ईमेलवर लेखी घ्या. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी भल्याभल्यांचा जीपीए घसरतो. धाकटा किंवा धाकटी आहे का? 2024-25 पासून फाफ्सामध्ये (फेडरल मदतीच्या अर्जात) दोन मुलं एकदम कॉलेजात असल्याची सूट गेली. पण सीएसएस प्रोफाइल (मदतीचा आणखी एक वेगळा अर्ज) मागणारी काही खासगी कॉलेजं अजून ते धरतात.

एडिसनकर: धाकटा दोन वर्षांनी जाईल. ह्यांचा जॉबही डिसेंबरात गेला होता, आताचा पगार बराच कमी आहे. फॉर्मवर 2024 चं उत्पन्न गेलंय.

ओहायोची_मावशी: अगं, मग हे आधी सांगायचं ना! दोन्हीकडे आजच अपील टाक. टर्मिनेशन लेटर आणि नव्या पे-स्टब्ज जोड. एड ऑफिसला उत्पन्न नव्याने धरायचा अधिकार असतो आणि हे त्यांचं रोजचं काम आहे, संकोच नको. उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नकोस. एप्रिल संपत आला तर मुदत वाढवून माग, बरीच कॉलेजं देतात.