काळा ठिपका: आधी फुटपट्टी लावा
लेझर प्रिंटरच्या छपाईत सारख्या अंतराने ठिपका येतोय म्हणजे टोनर (छपाईची पूड) संपला, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. टोनर संपताना फिकट पट्टा येतो, ठिपका नव्हे. दोन ठिपक्यांमधलं अंतर फुटपट्टीने मोजा. एचपीच्या १२ए काट्रिजमध्ये (टोनरच्या डब्यात) ७५ मिमीच्या आसपास भरलं तर ड्रमवर (ज्यावर छपाईचं चित्र उमटतं त्या नळीवर) ओरखडा, ३८ भरलं तर चार्ज रोलरवर (ड्रमला विद्युतभार देणाऱ्या रुळावर) घाण. रोलर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून भागतं. ओरखडलेला ड्रम बदलावाच लागतो. ड्रम उजेडाने खराब होतो, म्हणून नवा ड्रम काळ्या कापडात ठेवा, लातूर-नांदेडकडच्या उन्हात तर दारापाशी उघडूच नका.

अंतर या दोन्हीत बसेना? छपाई चालू असताना, कागद अर्धा आत असतानाच झाकण उघडून तो ओढून घ्या (फ्युजरला, म्हणजे टोनर कागदावर वितळवून पक्का करणाऱ्या गरम भागाला, हात नको, चटका बसतो). त्यावरच्या, बोटाने पुसल्या जाणाऱ्या कच्च्या छपाईत ठिपका नसेल तर दोष फ्युजरचा, काट्रिजवर खर्च करू नका.