जिप्सीत ऑइल टेंपरेचर सेन्सर बसवायचाय, जागा कोणती धरू?

कुंभार्ली_किंग
गाडी २००३ ची जिप्सी किंग, १३०० सीसी एमपीएफआय. चिपळूणहून कुंभार्ली घाटानं पाटणला सारखं जाणं असतं, मागे आंब्याच्या पेट्या नाहीतर खताची पोती. एप्रिल-मेमध्ये घाट चढून हेळवाकला थांबलो की आयडलला ऑइलचा लाल दिवा (प्रेशर कमी झाल्याचा) लुकलुकतो. जरा ॲक्सिलरेटर दिला की विझतो. पाण्याचा काटा मात्र निम्म्यावरच. ऑइल २०डब्ल्यू४०, वेळेवर बदललेलं.

५२ एमएमचा मीटर आणि त्याच्याबरोबरचा १/८ एनपीटी (अमेरिकन मापाच्या निमुळत्या) आट्यांचा सेन्सर आणलाय. आमचा मेकॅनिक म्हणतो हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावू, स्विच आणि सेन्सर दोन्ही त्यावर. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

लाल_एस्टीम
ड्रेन प्लग काढून तिथेच एम१४ आट्यांचा सेन्सर बसवा. ऑइल बदलताना काम होऊन जातं, काही कापाकापी नाही. माझ्या एस्टीममध्ये तसाच आहे, रीडिंग स्थिर येतं.

वर्कशॉप_सातारा
मी लष्कराच्या ईएमईमध्ये व्हेईकल मेकॅनिक होतो. नोकरीतली बरीच वर्षं जिप्सीखाली गेली, आता साताऱ्याला घरीच छोटं वर्कशॉप आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टी लावू नका. प्रेशर स्विचपाशी ऑइल वाहत नाही, दाबाखाली नुसतं उभं असतं. प्रेशर तिथे बरोबर कळतं, कारण दाब उभ्या ऑइललाही तेवढाच असतो. तापमानाचं तसं नाही. सेन्सरचं टोक त्या पितळी टीच्या कोपऱ्यात राहिलं, तर मीटर ऑइलचं नाही, टीचं तापमान दाखवणार, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. शिवाय टीवर दोन वजनं लोंबकळत ठेवली की इंजिनच्या थरथरीनं आट्यांच्या मुळाशी चीर पडते, आणि मग सगळं ऑइल रस्त्यावर.

ड्रेन प्लगमध्ये रीडिंग चांगलं येतं, चेंबरमधल्या (इंजिनच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलचं खरं तापमान कळतं. एस्टीमला ते चालेल. पण जिप्सी शेतात, ओढ्यात जाते. खाली निघालेल्या सेन्सरला एक दगड पुरतो.

तुमच्यासाठी फिल्टरखालची सँडविच प्लेट, म्हणजे ब्लॉक आणि फिल्टर यांच्यामध्ये बसणारी चकती. पंपातून आलेलं सगळं ऑइल तिथून फिल्टरमध्ये जातं, टोक वाहत्या ऑइलमध्ये बुडालेलं राहतं. फिल्टरचे आटे एम२० गुणिले १.५ आहेत, प्लेटचा मधला बोल्ट त्याच मापाचा मागा. बरेच संच ३/४ इंची आट्यांचे असतात, ते जबरदस्तीनं फिरवले तर ब्लॉकवरच्या स्टडचे आटे जातील. प्लेटनं फिल्टर इंच-सव्वा इंच पुढे येतो, तेवढी जागा आहे का ते आधी बघा. आणि जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून तपासा. रबरावर रबर बसलं की गळती नक्की.

आता अर्थिंग. एका वायरच्या सेन्सरचा अर्थ त्याच्या बॉडीतून जातो. आत थर्मिस्टर असतो, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. अर्थ कच्चा असेल तर रेझिस्टन्स वाढल्यासारखा दिसतो आणि मीटर ऑइल थंड दाखवतो. इंजिन शिजत असताना काटा ९० वर. म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेतही शिरतात. पातळ थ्रेड सीलंट लावा, पुढचे दोन आटे कोरडे ठेवून. नंतर सेन्सरचा षटकोन ते बॅटरीचं निगेटिव्ह असं मल्टिमीटरनं मोजा. एक ओहमच्या वर गेलं तर वेगळी अर्थ वायर घ्या.

बसवण्याआधी सेन्सर उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर जोडून. चिपळूणला मीटरनं १०० दाखवायला हवं. महाबळेश्वरला करणार असाल तर ९५-९६ धरा, तिथे पाणी आधीच उकळतं.

कुंभार्ली_किंग
काका, खूप उपयोगी. स्विचची जागा सोडली, पण तिथलेही आटे १/८ च आहेत ना? मग मेकॅनिकनं आणलेली टी हातानं दोन फेऱ्यांनंतर का अडली?

वर्कशॉप_सातारा
ब्लॉकमध्ये १/८ बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचे निमुळते आटे, टी एनपीटीची. एकात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७, कोनही वेगळे, ५५ अंश आणि ६० अंश. सुरुवातीला बसल्यासारखे वाटतात, पुढे पान्ह्यानं ओढले की ब्लॉकचे आटे मरतात. अडली तिथे थांबलात ते उत्तम. प्लेटवरचं भोकसुद्धा एनपीटीच आहे का, हे घेतानाच विचारा.

सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे कर्व्ह जुळत नाहीत.

नाना_पेठ_चक्कर
पुण्यात नाना पेठेत प्लेट मिळते, पण जुना फिल्टर हातात घेऊन जा आणि दुकानातच आटे लावून बघा. मीटरची सप्लाय इग्निशनवरून वेगळा छोटा फ्यूज टाकून घ्या, इंधन पंपाच्या लाइनमधून नको. सेन्सरची वायर सायलेन्सरपासून लांब, स्लीव्ह घालून.

कुंभार्ली_किंग
बसवली. उकळत्या पाण्यात काट्यानं ९९ दाखवलं, अर्थ ठीक. सपाटीला ९५ च्या आसपास, घाटमाथ्यावर ११६. गार इंजिनला पाणी लवकर तापतं, ऑइल बरंच मागून येतं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. पण ११६ ला दिवा लुकलुकतोच. ऑइल जाड करू का? २०डब्ल्यू५०?

वर्कशॉप_सातारा
नको. लोड घेऊन घाट चढल्यावर ११६ हा तक्रारीचा आकडा नाही. १३० च्या पुढे गेलं असतं तर कूलरचा विचार केला असता. १३० ला ऑइल १०० च्या तुलनेत जवळपास निम्मंच जाड उरतं. तुमचं २०डब्ल्यू४० ११६ ला आयडलचं प्रेशर धरू शकतं. ते धरत नसेल तर कारण इंजिनात आहे, नाहीतर स्विचमध्ये. हे सांगण्यासाठीच हा मीटर हवा होता. जाड ऑइलनं दिवा विझेल आणि झीज तशीच चालू राहील.

स्विच काढून त्या जागी बीएसपीटी ॲडॅप्टर लावून मेकॅनिकल प्रेशर गेज बसवा. गाडी घाट चढवून आणा आणि ऑइल ११० च्या वर असतानाच आयडलचं प्रेशर वाचा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमला. दोन्ही आकड्यांपुढे तापमान लिहा. प्रेशर ठीक निघालं तर नवा स्विच टाका, स्वस्तात सुटलात. कमी निघालं तर चेंबर उतरवून आधी गाळणी, मग पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, मग बेअरिंगचं क्लिअरन्स, या क्रमानं बघा. आकडे आले की इथे टाका.