मदत हवी आहे: मे महिन्यात फ्रान्स, दोन लहान मुलं आणि सासूबाई, पॅरिसनंतर कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवऱ्याचं ऑफिसचं काम निघालंय पॅरिसला, मेमध्ये, शाळेला सुट्टी आहेच तर सगळेच जाऊ असं ठरलं. आम्ही पुण्याचे. सगळे म्हणजे आम्ही दोघं, मुलगा ६ वर्षांचा, मुलगी अडीच आणि सासूबाई (अंडंसुद्धा चालत नाही, गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस आमच्या दुप्पट). पॅरिसचे ४ दिवस पक्के. त्यानंतर ६ रात्री हातात आहेत आणि तिथेच सगळं अडलंय. व्हिसाच्या कागदांत राहायचं बुकिंग दाखवायचं असतं, म्हणून आत्ताच ठरवायला हवं.

मुक्काम एकाच जागी हवा. दिवाळीत राजस्थानला पाच रात्रींत चार हॉटेलं केली होती आम्ही, शेवटच्या हॉटेलात लेक रिसेप्शनच्या फरशीवर बॅगेला मिठी मारून बसली, "नाही उघडायची, नाही उघडायची", आणि खरं सांगते मलाही तिच्या शेजारी बसावंसं वाटत होतं. तर ते परत नको. गाडी पण नको, कारण नवरा उजव्या बाजूने चालवायला तयार नाही आणि लेकीला गाडी लागते. ट्रेनने जमेल तेवढंच. आणि दुपारी घरी येऊन मुलांना झोपवता आलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी आमचं काही खरं नाही.

नवऱ्याला प्रोव्हान्स हवं होतं, लव्हेंडरच्या शेतात फोटो वगैरे. मग कळलं की ते जूनच्या शेवटी फुलायला लागतं, मेमध्ये नुसती हिरवी झुडपं. बाद. दोर्दोन्य मला फार आवडलं होतं, तिथली लास्कोची गुहा (आदिमानवाची चित्रं असलेली) १९४० मध्ये पोरांनीच शोधली हे वाचून मुलगा उडालाच (खरी गुहा १९६३ पासून बंद आहे, शेजारी हुबेहूब दुसरी केलीय), पण तिथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि जेवायला जिकडेतिकडे बदक.

उरले तीन. लुआर, ब्रिटनी आणि अल्सास.

लुआरमध्ये शांबोरच्या महालात दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेत म्हणे, एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना दिसतात पण समोरासमोर येत नाहीत. मुलगा तिथे दिवसभर वरखाली करेल. पण महालांमागून महाल म्हणजे अडीच वर्षांच्या मुलीला काय, सगळीकडे "हात लावू नको". ब्रिटनीत समुद्र आहे, वाळू आहे, म्हणजे मुलांचा प्रश्नच मिटला, पण मेमध्ये थंडी कितपत असते? अल्सासबद्दल फक्त फोटोतली रंगीत घरं माहीत आहेत, ती तासाभरात बघून होतील असं वाटतं, पुढे काय?

कोणी लहान मुलं घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. "दोन्ही करा" सांगू नका.

प्रतिसाद १:
आम्ही जर्मनीत, सीमेपासून तासाभरावर, त्यामुळे अल्सासला मुलं घेऊन चारपाच वेळा झालंय. डोळे मिटून अल्सासमधलं कोल्मार गाव घे. पॅरिसहून थेट टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान ट्रेन) आहे, सव्वादोन-अडीच तास, ४ वर्षांखालचं मूल मांडीवर फुकट. मेमध्ये करकोच्यांची पिल्लं घरट्यात असतात, चर्चवर, छपरांवर, बैलगाडीच्या चाकाएवढी घरटी. १९७०च्या दशकात अल्सासमध्ये दहाएक जोड्याच उरल्या होत्या, मग मुद्दाम पाळून वाढवल्या. ओरडत नाहीत, चोच वाजवतात टकटकटक, माझी मुलगी आठवडाभर जेवताना चमच्याने तोच आवाज काढत होती. म्यूलूझला रेल्वेचं भलंमोठं म्युझियम आहे, कोल्मारहून लोकलने वीस-पंचवीस मिनिटं, पुढे ट्राम. सासूबाईंसाठी तार्त फ्लांबे, पातळ भाकरीएवढ्या पोळीवर क्रीम आणि कांदा, फक्त "सां लार्दाँ" म्हणायचं, नाहीतर डुकराचे तुकडे येतात.
दोन गोष्टी सांभाळ. जेवण १२ ते २ मध्येच मिळतं, अडीचला गेलात तर किचन बंद. आणि मे महिना सुट्ट्यांचा, १ ला, ८ ला, शिवाय एक गुरुवार आणि कधीकधी एक सोमवार, त्या दिवशी सुपरमार्केट पण बंद आणि ट्रेन फुल्ल. दूध आदल्या दिवशी आणून ठेव.

प्रतिसाद २:
ब्रिटनीची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. तिथल्या रेन शहरात दोन वर्षं शिकायला होतो. साँ मालो या तिथल्या समुद्रकाठच्या गावी भरती-ओहोटीत १२ मीटरपर्यंत फरक पडतो, सकाळी जिथे बोट तरंगत असते तिथे दुपारी चिखलात कलंडलेली. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जातो ना, तसंच समोरच्या छोट्या बेटावर चालत जाता येतं, फक्त वेळ बघून परत यायचं. पाणी मेमध्ये गार, पाय बुडवून ओरडत पळायचं एवढंच, पण बादली-फावडं असेल तर मुलांना पाण्याचं काय पडलंय. खायला गालेत, म्हणजे कुट्टूचं धिरडंच. काही ठिकाणी पिठात अंडं घालतात, विचारून घ्या. पाऊस मात्र कधीही येतो, रेनकोट न्याच.

प्रतिसाद ३:
गुडघे + स्ट्रोलर असेल तर कोल्मारचे दगडी रस्ते लक्षात घ्या, मोठ्या चाकांची स्ट्रोलर न्या. आणि साजूक तूप, पेढे बॅगेत टाकू नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे. कढीपत्ता पण नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्मार ठरलं, स्टेशनजवळ वॉशिंग मशीनवालं अपार्टमेंट बघतेय. खरं म्हणजे मुलाने ठरवलं. तो शिवाजीनगरच्या पुलावर उभा राहून डेक्कन क्वीनची वाट बघणाऱ्यांतला आहे, त्याला फक्त एवढंच सांगितलं की पॅरिसहून निघालेली ट्रेन त्या लाईनवरून जाते जिथे २००७ मध्ये टीजीव्ही ताशी ५७४.८ किलोमीटरने पळवली होती. आता जो भेटेल त्याला ५७४.८ सांगतोय, दशांश चिन्हासकट. ब्रिटनीवाले दादा, कुलाबा किल्ल्याचं वाचून मी पाच मिनिटं डगमगले होते, पुढच्या वेळी नक्की.

तुपाचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी दोन बरण्या कढवून तयार ठेवल्यात.