क्रँकशाफ्ट दुसऱ्यांदा त्याच जागी तुटला, दोष कुणाचा?

मदत हवी आहे. जनरेटरचं सहा सिलिंडरचं इन-लाइन डिझेल इंजिन आहे, १५०० आरपीएमचं. क्रँक (पिस्टनच्या ये-जा मुळे फिरणारा दांडा) दुसऱ्यांदा तुटलाय, दोन्ही वेळा तिसऱ्या क्रँकपिनच्या (कनेक्टिंग रॉड बसतो ती पिन) शेजारच्या वेबमधून, म्हणजे पिनेला दांड्याशी जोडणाऱ्या पात्यातून. पहिला इंजिनाबरोबर आलेला. दुसरा जुना घेऊन, अंडरसाइज ग्राइंड करून (पिना घासून थोड्या बारीक करून) बसवला होता. ७०० तासांत गेला.

पिन जिथे वेबला मिळते त्या कोपऱ्यापासून शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक कमानी आत सरकत गेल्यात. एवढा भाग गुळगुळीत. पलीकडे जेमतेम पाचवा हिस्सा खडबडीत. म्हणजे फटीग (पुन्हा पुन्हा ताण येऊन हळूहळू चीर वाढणं), आणि लोडही बेताचाच, इतपत मला कळतं. हार्डनेस नीट आली.

मेकॅनिक म्हणतो, ग्राइंडिंगवाल्याने कोपऱ्याची गोलाई मारली. ग्राइंडिंगवाला म्हणतो, मटेरियलच खराब. मी मध्ये. आता लॅबला काय तपासायला सांगू?

प्रतिसाद:
आधी एक सांगतो, दोन्ही तुकडे जोडून बघू नका. मोह होतो, पण कमानी घासून जातात. वायर ब्रशही नको. तेलाचा हात फिरवून गुंडाळून ठेवा.

गोलाई रेडियस गेजने मोजा. ती लहान झाली की सगळा ताण कोपऱ्यात साचतो, शिवाय ग्राइंडिंगमध्ये वरचा कडक थर निघून गेला असू शकतो. पण पहिल्या क्रँकला तर ग्राइंडिंगचा दगड लागलाच नव्हता ना? तोही तिथेच का तुटला? मेन बेअरिंगची (ब्लॉकमध्ये क्रँक ज्यांवर फिरतो ती) रांग सरळ नसेल तर क्रँक दर फेऱ्याला त्याच जागी वाकतो, आणि ७०० तासांत ६ कोटी ३० लाख फेरे होतात. डॅम्परवर (क्रँकची पिळाची थरथर शोषणारा भाग) मला संशय नाही. पीळ पडून तुटतो तेव्हा चीर सहसा तिरकी, ४५ अंशांच्या आसपास धावते.

मूळ धागाकर्ता:
पहिला कोराच होता, हे डोक्यातच आलं नाही! मेन बेअरिंगचे जुने शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) भंगारातून शोधून काढले. चौथ्याच्या खालच्या शेलवर घास जवळजवळ नाहीच. तिसरा आणि पाचवा मात्र तांबं दिसेपर्यंत गेलेत.

प्रतिसाद:
मग चौथ्या बेअरिंगचं घर (ब्लॉकमधली त्याची बैठक) खाली बसलेलं दिसतंय, तिथे क्रँकला आधार मिळत नाही. शेल काढा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळा आणि ब्लॉकची लाइन मोजून घ्या. लॅबचं नंतर बघू. आणि तोवर तिसरा क्रँक विकत घेऊ नका.