मदत हवी आहे: फंक्शनल ॲनालिसिस परत आलंय, परवा सबमिशन!!

फोंडेकर_मेक: गाइडनी फंक्शनचा, म्हणजे वस्तूने काय काय काम करायचं याचा, तक्ता परत पाठवलाय. शेरा: 'हे पार्ट्स आहेत. युझरची गरज कुठे?' मी लिहिलेलं: मोटर फिरवणे, पातं धरून ठेवणे, स्टीलची बॉडी. यात काय चुकलं? तयार फॉरमॅट असेल तर टाका ना.

म्हापसेकर: वस्तू कुठली ते सांग की आधी!

टूलरूमवाला: कुठलीही असो. फंक्शन म्हणजे क्रियापद अधिक नाम, बस. १९४७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्सने व्हॅल्यू ॲनालिसिस (तेच काम कमी खर्चात साधायची पद्धत) उभं केलं ते यावरच. 'मोटर फिरवणे' लिहिलंस, तर 'कशासाठी' विचारत वर जा. बायथवेचा फास्ट डायग्राम, म्हणजे फंक्शन्सची साखळी, काढ: उजवीकडे 'कसं', डावीकडे 'का'.

अबोली: फास्ट नंतर, तो यंत्राच्या पोटात शिरतो. आधी फ्रेंचांचा ऑक्टोपस डायग्राम. मध्ये वस्तू, भोवती माणूस, वीज, ओटा, खारी हवा. वस्तूतून जाऊन दोघांना जोडणारी रेघ म्हणजे मुख्य फंक्शन, एकालाच जोडणारी म्हणजे बंधन.

टूलरूमवाला: आमच्या कारखान्यात फास्टवर भागायचं.

अबोली: काका, तुम्हाला गिऱ्हाईक गरज लिहून द्यायचं. याला ती शोधायचीय.

थ्रीडीराजा: सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झकास रेंडर कर. गाइड गप्प.

फोंडेकर_मेक: नारळ खोवायचं यंत्र. युझर अर्थात गृहिणी.

म्हापसेकर: गृहिणी म्हणजे कोण रे? आमची आई आदोळीवर, म्हणजे नारळ खोवायच्या विळीवर, बसायची, आता गुडघे धरलेत. पण हात बघ तिचा! करवंटी जवळ आली की आपोआप हलका पडतो. तपकिरी साल किसात उतरली तर हुमणाचा (माशाच्या कालवणाचा) रंग जातो. तुझ्या मोटरीला हे कळणार?

अबोली: हे घे फंक्शन: 'पांढरं खोबरं सालीपासून वेगळं करणे'. निकष: किसातले तपकिरी कण. किती चालतील आणि त्यात सूट किती, ते अशा आयांनाच विचार. मोटर की हँडल हे मग बघ.

कोकमसरबत: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आदोळी मिळेल का? आमची मोडली.

म्हापसेकर: मिळेल. दाते बोटाने चाचपून घ्या.

फोंडेकर_मेक: मग 'गुडघे वाचवणे' लिहू? क्रियापद आहे, नाम आहे.

टूलरूमवाला: फारच मोघम. मोजणार कसं?

अबोली: 'गुडघे न दुमडता खोवू देणे' लिही. 'उंच स्टँड' लिहू नकोस, ते उत्तर झालं. आणि खानावळीसाठी असेल तर ताशी किती नारळ, हाही निकष येईल.

फोंडेकर_मेक: खानावळीत पण विकायचंय.

म्हापसेकर: हे आत्ता सांगतोयस?